गाडी ओढेल हो, पण आवरेल का?



या महिन्यात सदरासाठी दोन प्रश्न आले. एक आला डेन्व्हरहून, माझ्या भाच्याचा. दुसरा धारहून, आपल्या मंडळातल्याच एका घरातल्या दोन भावांचा. भाच्याला घरातल्या एसयूव्हीच्या मागे ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे चाकांवरची खोली, जोडून उन्हाळ्यात फिरायला जायचंय. धारच्या भावांना तसाच एक छोटा ट्रेलर इथेच बनवून घेऊन मांडू, महेश्वर आणि पुढे नर्मदेच्या काठाकाठाने हिंडायचंय. दोघांच्या प्रश्नाचा गाभा एकच: "आपली गाडी एवढं ओढेल का?"

माझी नोकरीची सगळी वर्षं पीथमपूरला वाहन-उद्योगात गेली, त्यामुळे असे प्रश्न माझ्याकडे येतात. उत्तर एका वाक्यात द्यायचं तर असं: आजची बरी एसयूव्ही पुष्कळ काही ओढते. प्रश्न ती ते सांभाळेल का, उतारावर धरून ठेवेल का आणि वेळेवर थांबवेल का, हा आहे.

आपल्याकडे कॅरॅव्हॅन म्हटलं की स्वतःचं इंजिन असलेली बस किंवा व्हॅन डोळ्यांसमोर येते. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानंतर अशा गाड्या भाड्याने मिळण्याची चर्चा आपल्या घरांतही होऊ लागली. ट्रॅव्हल ट्रेलरचा प्रकार वेगळा. त्याला इंजिन नाही. तो मागून येतो, आणि पुढच्या गाडीचा स्वभावच बदलून टाकतो.

उलार गाडी

आमच्या आजोळी बैलगाडी होती. धान्याची पोती मागच्या बाजूला जास्त लागली की जू वर उचललं जायचं, बैलांच्या मानेला हिसका बसायचा. म्हातारी माणसं म्हणायची, "गाडी उलार झाली." मग दोन पोती पुढे सरकवायची. तीच पोती फार पुढे आली की सगळा भार बैलांच्या मानेवर. भार चाकांवर असावा आणि जुवावर थोडासाच दाब असावा, ही अक्कल आपल्या शेतकऱ्याला कुठल्याही पुस्तकाशिवाय होती.

ट्रेलरचं अख्खं शास्त्र या एका शब्दात आहे. ट्रेलरची दांडी गाडीच्या मागच्या हुकावर जेवढा भार टाकते त्याला इंग्रजीत 'टंग वेट' म्हणतात. आपण त्याला दांडीचा भार म्हणू. अमेरिकेतल्या ट्रॅव्हल ट्रेलरसाठी तो भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा असा दंडक आहे. त्याहून कमी झाला की ट्रेलर उलार होतो, आणि वेग वाढल्यावर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलायला लागतो. जास्त झाला की गाडीची मागची बाजू बसते आणि पुढची चाकं हलकी होतात. उसाने लादलेल्या ट्रॅक्टरची पुढची चाकं रस्त्यावरून उचललेली तुम्ही कधी पाहिली असतील. एसयूव्हीचं एवढं टोक गाठत नाही, पण स्टिअरिंग हलकं पडणं आणि पुढच्या ब्रेकची पकड कमी होणं, हे व्हायला चाकं उचलली जायची गरज नसते.

दाराच्या खांबावरचा आकडा

भाच्याने मला विक्रेत्याकडची माहिती पाठवली होती. गाडीची ओढक्षमता ५,००० पौंड, म्हणजे जवळजवळ २,२७० किलो. पसंत केलेल्या ट्रेलरचं रिकामं वजन ३,९०० पौंड. "मामा, अकराशे पौंड शिल्लक राहतात, म्हणजे काळजी नाही ना?" बरोबर कोण कोण, ते विचारलं. तो, सूनबाई, दोन मुलं, आणि धारहून जाणारे त्याचे आई-बाबा, म्हणजे माझी ताई आणि भाऊजी. त्या दोघांसाठीच तर हा सगळा घाट होता.

मी त्याला म्हटलं, "ड्रायव्हरचं दार उघड. खांबावर एक पिवळा-पांढरा कागद चिकटवलेला असेल. त्यावर माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल ते लिहिलंय. तो आकडा सांग." आकडा निघाला १,४०० पौंड. मग आम्ही फोनवरच हिशोब मांडला. तुम्हीही कागद घ्या, कारण तुमच्या गाडीचा हिशोब याच रीतीने करायचा आहे.

सहा माणसांचं मिळून वजन ७१० पौंड. गाडीत ठेवायच्या पिशव्या, आइसबॉक्स, मुलांची सामग्री २०० पौंड. हुक आणि त्याची जोडणी ८० पौंड. झाले ९९०. म्हणजे १,४०० मधून ४१० पौंड उरले. दांडीचा भार या ४१० मध्ये बसला पाहिजे, कारण तो गाडीच्याच पाठीवर येतो. ही गोष्ट विक्रेता बहुधा सांगत नाही.

आता ट्रेलर. रिकामा ३,९००. टाकीत ४० गॅलन पाणी भरलं तर ३३० पौंड, गॅस ४०, बॅटरी ६०, आणि भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, कपडे, शिधा मिळून ५००. एकूण ४,८३०. ओढक्षमतेच्या आत आहे, कागदावर सगळं ठीक दिसतं. पण त्याचे १२ टक्के म्हणजे दांडीचा भार ५८० पौंड. शिल्लक होती ४१०. गाडी १७० पौंडांनी जास्त भरली, आणि अजून कोणी जेवणाचा डबासुद्धा आत ठेवलेला नाही.

दुसरा हिशोबही करायचा असतो. ही ५,००० पौंडांची क्षमता ठरवताना गाडीत माणसं किती धरतात? अमेरिकेत यासाठी 'एसएई जे२८०७' नावाचं मानक आहे. त्यात प्रत्येकी १५० पौंडांची दोन माणसं धरतात, ड्रायव्हर आणि शेजारी बसणारा. आपल्याकडे तर सहा! दोघांपेक्षा जास्तीचं प्रत्येक माणूस आणि प्रत्येक पिशवी ट्रेलरच्या वाट्यातून वजा होते. गाडी आणि ट्रेलर मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल याचा आकडा, ज्याला 'जीसीडब्ल्यूआर' म्हणतात, तो गाडीच्या पुस्तिकेत असतो. भाच्याच्या गाडीत जास्तीची माणसं आणि सामान धरून ट्रेलरच्या वाट्याला ४,४०० पौंडांच्या आसपासच उरत होते. म्हणजे हा ट्रेलर या हिशोबातही बसत नव्हता.

फोनवर थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "म्हणजे मामा, आई-बाबांचं वजन आड येतंय?"

"आई-बाबांचं नाही रे. माणसं तर ठरलेली आहेत. ट्रेलर निवडता येतो."

हे वाक्य मी सहज बोलून गेलो, पण आजच्या सदरात सांगायचं ते हेच आहे. बहुतेक जण आधी ट्रेलर पसंत करतात आणि मग गाडीला तो झेपतो का ते बघतात. हिशोब उलट्या बाजूने करायचा. आधी माणसं, मग सामान, मग उरलेला आकडा, आणि त्या आकड्यात बसेल तो ट्रेलर. भाच्याच्या बाबतीत ४१० पौंड उरले, म्हणजे १२ टक्क्यांच्या हिशोबाने भरलेला ट्रेलर ३,४०० पौंडांच्या आत हवा. भरलेला बरं का, रिकामा नव्हे.

एवढ्या छोट्या ट्रेलरमध्ये सहा जण झोपत नाहीत. तेव्हा त्याने ठरवलं की या वर्षी छोटा ट्रेलर भाड्याने घ्यायचा आणि ज्या तळांवर मुक्काम आहे तिथे आई-बाबांसाठी लाकडी खोली घ्यायची. ताईला विचारलं तर ती म्हणाली, "बरं झालं. मला रात्री उठावं लागतं, अंधारात दोन नातवंडांना ओलांडून कुठे जाऊ?" हिशोबाने नाही पटलं तरी एवढ्याने पटावं.

उतार: इथला आणि तिथला

धार जिल्ह्यातला गणपती घाट माहीत नाही असा आपल्याकडचा माणूस नसेल. इंदूरहून आग्रा-मुंबई रस्त्याने धामनोदकडे उतरताना तो लागतो. तिथे ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांनी किती घरं उद्ध्वस्त केली ते आपण वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत वाचलंय. २०२४ च्या अखेरीस उतरणाऱ्या गाड्यांसाठी नवा वळणरस्ता खुला झाला, तो याच कारणाने.

ब्रेक का निकामी होतात? कोणी ते बिघडवून ठेवलेले नसतात. ब्रेक गतीचं रूपांतर उष्णतेत करतो, आणि ती उष्णता सोसण्याची त्याची एक मर्यादा असते. भाच्याची भरलेली गाडी आणि तो मोठा ट्रेलर मिळून सुमारे ४,६०० किलो झाले असते. एवढं वजन ३०० मीटर खाली उतरवताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात सुमारे ४० लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येईल. ती सगळी उष्णता तव्याएवढ्या चार चकत्यांवर टाकली तर काय होणार? पॅड पकड सोडतात, ब्रेकचं तेल उकळायला लागतं, पाय थेट खालपर्यंत जातो आणि गाडी थांबत नाही.

म्हणून उतारावर नियम असा की वेग गिअरने धरायचा, ब्रेकने फक्त अधूनमधून दुरुस्त करायचा. घाट सुरू होण्याआधीच खालचा गिअर घ्यायचा. वेग वाढला की एकदा ठामपणे ब्रेक दाबून तो कमी करायचा आणि पाय काढून चकत्यांना थंड होऊ द्यायचं. सतत पाय ठेवून उतरणं वाईट, आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं त्याहून वाईट. कोलोरॅडोत डेन्व्हरच्या पश्चिमेला आय-७० महामार्गावर आयझेनहॉवर बोगदा लागतो, तो ११,००० फुटांवर आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना लांबच लांब उतार आहेत, आणि ब्रेक गेलेल्या ट्रकांनी घुसावं म्हणून वाटेत खडीचे चढही करून ठेवलेत. गणपती घाट पाहिलेल्या धारच्या मुलाला ते चढ कशासाठी आहेत हे समजावून सांगावं लागत नाही.

त्या रस्त्यावर चढतानाही एक गोष्ट ध्यानात ठेवायची. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे साधारण ३ टक्क्यांनी घटते. ११,००० फुटांवर म्हणजे जवळपास एक तृतीयांश गेली. पुस्तिकेतला आकडा तिथे तेवढाच उपयोगी राहत नाही.

आकडे येतात कुठून?

मुलांनो, तुमच्यातले कितीजण अभियांत्रिकीला आहात म्हणून हे सांगतो. मघाशी सांगितलेल्या जे२८०७ मानकात गाडीला ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळचा ११.४ मैलांचा चढ भर उन्हाळ्यात, १०० अंश फॅरनहाइटच्या वर, एसी पूर्ण चालू ठेवून चढावा लागतो. साध्या एसयूव्हीला त्या चढावर ताशी ४० मैलांच्या खाली घसरायची परवानगी नाही. शिवाय चढावर थांबून पुन्हा निघणं, थांबण्याचं अंतर, झुलणं, सगळं तपासतात.

आपल्या पीथमपूरलाही 'नॅट्रॅक्स' आहे, धार जिल्ह्यातच.  तिथल्या ११.३ किलोमीटरच्या वेगवान ट्रॅकचं उद्घाटन २९ जून २०२१ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांनी केलं. लोकांना त्या ट्रॅकवरचा वेगच आठवतो, पण तिथे ब्रेकसाठी आणि चढउतारासाठीही वेगळे ट्रॅक आहेत. गाडीच्या कागदावरचा एकेक आकडा असा घाम गाळून आलेला असतो. आपण तो "थोडं इकडेतिकडे चालतं" म्हणून उडवून लावू नये.

ट्रेलर झुलायला लागला तर

शेजारून मोठा ट्रक जोरात गेला, आडवा वारा आला, किंवा उतारावर वेग वाढला, की ट्रेलर झुलायला लागतो. अशा वेळी हातून आपोआप दोन गोष्टी होतात. एक, जोरात ब्रेक. दोन, स्टिअरिंग उलटसुलट फिरवणं. दोन्ही टाळायच्या. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरा, आणि ट्रेलरला वेगळा इलेक्ट्रिक ब्रेक असेल तर तो हाताने हलकेच लावा. मागचा ट्रेलर ताणला गेला की रांग सरळ होते. वेग वाढवून झुलणं थांबवू बघणारे शहाणे भेटतात, त्यांचं ऐकू नका.

वेगाचंही गणित सोपं आहे. ताशी ६० किलोमीटरऐवजी ९० ने गेलात तर वेग दीडपट होतो, पण थांबवायची ऊर्जा सव्वादोनपट. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ताशी ५५ मैलांची मर्यादा उगाच घातलेली नाही. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत ते याचसाठी. अमेरिकेतल्या पुष्कळ राज्यांत ३,००० पौंडांच्या वरच्या ट्रेलरला ते सक्तीचे आहेत. माझं मत विचाराल तर त्याखालीही असावेत.

आता धारच्या भावांसाठी

तुमचा उत्साह मला आवडला, पण वेल्डिंगवाल्याकडे जाण्याआधी चार कामं करा.

पहिलं, गाडीची पुस्तिका उघडा. आपल्याकडच्या काही गाड्यांच्या पुस्तिकेत 'ट्रेलर ओढू नका' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तुमच्या गाडीचं तसं असेल तर विषय तिथेच संपला. परवानगी असेल तर ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रेलरसाठी दोन वेगळे आकडे असतात. ब्रेक नसलेल्याचा आकडा बराच लहान असतो, आणि इथे बनवून घेतलेल्या ट्रेलरला बहुधा ब्रेक नसतात.

दुसरं, कायदा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ६१ नुसार ट्रेलरलाही नोंदणी लागते, आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक ट्रेलरवर दिसावा लागतो. गाडीच्या रचनेत बदल करायचा तर कलम ५२ लागू होतं. आधी आरटीओत जाऊन विचारा आणि विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

तिसरं, हुक गाडीच्या मुख्य सांगाड्यालाच बसला पाहिजे. बंपरला जोडलेला हुक म्हणजे दाराच्या कडीला बांधलेला बैल.

चौथं, धर्मकाट्यावर जा. देवासला मंडीजवळ, धारला नाक्याजवळ कुठेही मिळेल, खर्च चहा-पोह्यांएवढा. सगळी माणसं आणि सामान घेऊन आधी एकट्या गाडीचं वजन करा. मग ट्रेलर जोडा आणि फक्त गाडीची चाकं काट्यावर ठेवून पुन्हा करा. दोन्हींतला फरक म्हणजे दांडीचा भार. मग फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर घ्या आणि त्यात हा भार मिळवा, झालं भरलेल्या ट्रेलरचं वजन. हे तीन आकडे हातात आले की अंदाज, मित्रांचे सल्ले आणि व्हिडिओ सगळे बाजूला ठेवता येतात.

कोणी म्हणेल, आपल्याकडे सोयाबीनच्या दिवसांत ट्रॅक्टरमागे ट्रॉल्या किती लादून जातात, कोण काटा करतं? खरं आहे. देवासला तर ट्रॅक्टरचा कारखानाच आहे. पण ट्रॅक्टर सावकाश चालतो, त्याचा जन्मच ओढण्यासाठी झालाय, आणि तरीही उतारावर ट्रॉलीने ट्रॅक्टरला ढकलून उलथवल्याच्या बातम्या आपण वाचतोच. तुम्ही त्याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने जाणार, आणि मागच्या सीटवर मुलं असणार.

निघण्याच्या दिवशी सकाळी एवढं बघा: टायरची हवा, ट्रेलरच्या टायरसकट. हुक बसल्यावर त्याची खीळ. सुरक्षेच्या दोन साखळ्या, दांडीखालून एकमेकींना ओलांडून. मागचे दिवे कोणाला तरी उभं करून तपासा. जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या वर किंवा किंचित पुढे, खाली, घट्ट बांधून. मागच्या टोकाला सायकली टांगायच्या असतील तर दांडीचा भार पुन्हा मोजा. दहा किलोमीटरवर थांबून सगळं एकदा हात लावून बघा, मग शेवेची पुडी फोडा.

भाच्याची सहल जूनमध्ये आहे. धारच्या भावांनी पुस्तिका काढलीय, काट्यावर जाणार आहेत. तुमच्या गाडीच्या दारावरचा आकडा किती आहे, तो आज संध्याकाळी बघून ठेवा. ट्रेलर नसला तरी दिवाळीत सात जण आणि टपावर बॅगा घेऊन इंदूर-पुणे करताना तो कामाला येईल.

पुढच्या महिन्यात टायरवर छापलेली अक्षरं आणि आकडे कसे वाचायचे ते बघू. तोवर सावकाश चालवा.